शेंदूर लावलेली गाठ

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे, तो दिवस इतका जुना आहे की तेव्हा किनाऱ्यावर होती ती वाळूही आज समुद्राच्या पोटात गेली असेल. त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ऊन कोवळं होतं. वारा मात्र एका मनाचा नव्हता. घटकाभर पडून राही, मग एकदम उठून माडांच्या झावळ्या विस्कटून टाकी, आणि पुन्हा आपण काही केलंच नाही असा गप्प बसे. पाण्यावरून काळसर डाग धावत जाताना दिसत. असा डाग होडीपर्यंत पोचला की समजावं, झोत आला.

लहानांनो, थोरांनो, त्या काळी एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. गावातले लोक जोडहोड्या चालवत. जोडहोडी म्हणजे काय, ते आधी सांगतो. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, मध्ये बांबूंची बैठक बांधायची, बैठकीवर डोलकाठी उभी करायची आणि तिला एकच शीड. वजनाला हलकी, पळायला हरणासारखी. खोड एकच. झोताने तिची एक बाजू उचलली आणि वेळेवर काही केलं नाही, तर ती कुशीवर पडे. मग एक होडी खाली पाण्यात, दुसरी वर आभाळात, आणि डोलकाठी पाण्यावर आडवी. गावात याला 'उलटली' असं कोणी म्हणत नसे, अशुभ वाटे. 'होडी झोपली' असं म्हणत. आणि झोपलेली होडी तिथेच सोडून माणसं पोहत घरी येत. ती उठवता येते, हे एक माणूस सोडला तर कोणाच्या डोक्यातही येत नसे.

शीड आवळायला आणि सैल करायला एक दोर असतो. झोत आला की दोर थोडा सोडायचा. शिडातला वारा निसटतो, होडी सरळ होते. झोत गेला की दोर पुन्हा ओढून घ्यायचा. काम एवढंच. पण या गावात ते कोणी करत नसे, आणि त्याला कारण होतं.

फार पूर्वी त्या गावचे काही तांडेल आळशी होते. होडी चालवणारा मुख्य माणूस तो तांडेल. हे लोक बाहेर गेले की शीड सैल सोडून झोपा काढत आणि संध्याकाळी रिकाम्या टोपल्या घेऊन परतत. तेव्हाच्या पाटलांनी युक्ती काढली. सकाळी निघताना प्रत्येकाने शिडाचा दोर खुंटीला पक्का बांधायचा आणि पाटलांनी त्या गाठीवर तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. संध्याकाळी शेंदूर न फुटता परत आला, म्हणजे माणूस दिवसभर शीड भरून चालला. तेव्हा ते शहाणपणाचंच असेल. पुढे ते पाटील गेले, ते आळशी तांडेलही गेले. शेंदूर तेवढा राहिला.

राहिला तो असा राहिला की त्याचाच मान झाला. ज्याची गाठ वर्षभर शाबूत, त्याची होडी नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी पुढे. ज्याने गाठ सोडली, तो रांगेत मागे. झोत आला तर लोक होडीच्या उचललेल्या बाजूवर जाऊन अंग बाहेर झोकून देत, पाठ पाण्याला लागेपर्यंत वाकत, पण दोराला हात लावत नसत.

या गावात रायाजी नावाचा तांडेल होता. अंगाने काडीसारखा, चालण्यात रुबाब. सतरा वर्षं त्याची होडी रांगेत सर्वांत पुढे होती. सतरा वर्षांत त्याची गाठ एकदाही सुटली नव्हती. लोक त्याला 'कोरडा तांडेल' म्हणत आणि तो ते ऐकून न ऐकल्यासारखं करी. ऐकून न ऐकल्यासारखं करण्यातही एक सुख असतं.

त्याच्या कोरडेपणाचं एक गुपित होतं. वारा जरा उठला की रायाजीच्या पोटात दुखू लागे. मग तो घरी पडून राही. हे गुपित आपल्यालाच ठाऊक आहे असं त्याला वाटे.

त्याच्या कुंपणापलीकडे धाकूचं घर होतं. धाकू रांगेत कायमचा शेवटी, कारण त्याच्या दोराला गाठच नसे. तो दोर खुंटीला नुसता एक वेढा देई आणि टोक हातात धरून बसे. त्याहून नवल म्हणजे, मोकळा दिवस मिळाला की तो होडी उथळ खाडीत नेई, मुद्दाम झोपवी, आणि पुन्हा उठवी. दिवसातून चार-चार वेळा.

रायाजी कुंपणाशी उभा राहून हाक मारी, "काय धाकू, होडीला आंघोळ घालायला नेलीस का रे?"

धाकू केस पिळत म्हणे, "नाही दादा, तिला उठायला शिकवतोय."

आणि दोघांच्याही बायका आपापल्या दारात हसत. रायाजीची धाकूला, आणि धाकूची कोणाला ते तिलाच माहीत.

आता त्या दिवशी काय झालं, ते ऐका.

गावासमोर पाण्यात कोसभर आत एक बेट होतं. बेटावर पाच-सहा घरं. तिथे काही हवं असलं तर ते लोक ओल्या पाल्याचा धूर करत. एक धूर म्हणजे पाहुणे आले, मासळी पाठवा. दोन धूर म्हणजे सुईण पाठवा. आणि दोनाचे तीन झाले तर समजावं, सुईण धावत पाठवा.

सकाळीच बेटावर दोन धूर उठले. रायाजीची एकुलती एक लेक सगुणा बेटावर दिली होती. तिचे दिवस भरले होते आणि रायाजीची बायको आठ दिवस आधीच तिकडे जाऊन बसली होती. रायाजीने धूर पाहिले आणि त्याच्या पोटात एकदम दुखायला लागलं. पण आज पडून राहण्याची सोय नव्हती.

गावची सुईण साळूबाई बोचकं कमरेला बांधून किनाऱ्यावर आली. साळूबाई देहाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. तिची हाक ऐकून पोटातली लेकरं बाहेर येतात, असं लोक गमतीने म्हणत.

धाकू आपली होडी पाण्यात लोटतच होता. तो म्हणाला, "रायाजीदादा, आज वारा लबाड आहे. मावशींना मी नेतो. तुम्हीही माझ्याबरोबर चला. नाहीतर एवढं तरी करा, आज गाठ मारू नका, दोर हातात ठेवा."

रायाजी म्हणाला, "माझी लेक तिकडे कळा सोसतेय आणि तिची सुईण मी तुझ्या ओल्या होडीतून पाठवू? तुझी होडी म्हणजे बदक. अर्धा वेळ डोकं पाण्यात."

"पण दादा, बदक बुडाल्याचं तुम्ही कधी ऐकलंत का?"

साळूबाई ओरडली, "अरे, तुमचं बदक आणि तुमची गाठ! ते लेकरू तुमच्यासाठी दार धरून बसणार नाही. कोणाच्या का होडीत, पण मला बसवा!"

लेक रायाजीची, म्हणून ती रायाजीच्या होडीत बसली. रायाजीने दोर ओढला आणि खुंटीला अशी गाठ मारली की जितकी ताणावी तितकी ती आवळत जावी. म्हाताऱ्या पाटलांनी बोटाने शेंदूर लावला. होडी निघाली.

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं छान चाललं. होडी पाणी कापत पळत होती. साळूबाई बांबू घट्ट धरून बसली होती.

ती म्हणाली, "बरं झालं बाबा, आज तुझं पोट दुखलं नाही."

रायाजी चमकला. "कसलं पोट?"

"वारा उठला की दुखतं ते. साऱ्या गावाला ठाऊक आहे. मी सुईण आहे रे, पोटाचं मला सांगू नकोस."

रायाजीने तोंड फिरवलं. साळूबाईला गप्प बसणं माहीत नव्हतं. ती पुढे म्हणाली, "धाकूच्या होडीतून मी तीनदा पाण्यात पडले आहे. तीनदा वर आले. दर वेळी लुगडं भिजलं, तेवढंच."

"मावशी, होडीत बसून शुभ बोलावं."

"शुभच बोलतेय. तो बघ, तिकडे बघ. काळा डाग येतोय पाण्यावरून."

रायाजीने पाहिलं. डाग धावत येत होता. त्याने सतरा वर्षं केलं तेच केलं. वाऱ्याकडच्या होडीवर उडी घेतली आणि अंग बाहेर झोकून दिलं. झोत आला. शीड भरून टम्म झालं. रायाजीच्या पाठीखालची होडी पाण्यातून सुटली आणि वर वर जाऊ लागली.

"दोर सोड!" साळूबाई ओरडली.

"गाठ आहे!"

"मग सोड गाठ!"

रायाजीने शेंदराकडे पाहिलं. तो पाहतच राहिला, आणि तेवढ्यात होडी झोपली.

साळूबाई खारट पाणी थुंकत वर आली. आधी तिने कमरेचं बोचकं चाचपलं, मग होडीचा बांबू धरला, मग हाक मारली, "रायाजी, आहेस का रे?"

"आहे!"

"मग होडी सोडू नकोस."

पण रायाजी बेटाकडे बघत होता. "अजून अर्धा कोस आहे. पोहत जाऊ या."

"तू जाशील. मी या देहाने पोहत निघाले, तर पोचेन त्या लेकराच्या लग्नाला. सुईण इथे आणि सुईणीशिवाय तू तिथे, काय उपयोग? होडी उठव."

"भर समुद्रात झोपलेली होडी उठते का कधी?"

"धाकूची उठते. मी पाहिलंय, बाजूला तरंगत पाहिलंय. आता नीट ऐक. पहिलं काम, शिडाचा दोर सोडायचा."

रायाजी म्हणाला, "ते शेवटी बघू. आधी बाकीचं सांगा."

साळूबाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. पण भांडायला वेळ नव्हता. तिने सांगितलं तसं रायाजी होडीच्या नाकाशी जाऊन लोंबकळला. त्या वजनाने होडी हळूहळू फिरली आणि डोलकाठीचं टोक वाऱ्याकडे झालं. आता वारा शिडाखाली शिरायला तयार होता. मग रायाजीने नांगराचा दोर सोडून घेतला, त्याचं एक टोक बैठकीच्या बांबूला बांधलं आणि दुसरं आभाळातल्या होडीवरून पलीकडे टाकलं. दोघंही वळसा घालून होडीच्या तळाच्या बाजूला गेली, पाण्यातल्या होडीवर उभी राहिली आणि तो दोर धरून मागे रेलली.

रायाजी एकटा असता तर होडीला कळलंही नसतं. पण साळूबाई रेलली आणि बांबू करकरले. डोलकाठी पाण्यातून उठली. हातभर उठली, पुरुषभर उठली. आणि तिथेच अडली. शीड दोराने आवळलेलं होतं, त्यात पाणी भरून राहिलं होतं. पखालच ती! ती पखाल होडीला उठू देईना. होडी थरथरली आणि धपकन पुन्हा पडली.

"दोर सोड," साळूबाई म्हणाली.

"अजून एकदा बघू."

अजून एकदा बघितलं. पुन्हा तसंच. या वेळी डोलकाठी पडली ती पाण्यावर राहिली नाही, तिचं टोक पाण्याखाली गेलं. आणखी दोन वेळा असं झालं असतं, तर शीड घेऊन काठी तळाकडे आणि दोन्ही होड्या पालथ्या. मग धाकूलाही काही करता आलं नसतं.

रायाजीला एक युक्ती सुचली. तो म्हणाला, "मावशी, तुमच्या बोचक्यात सुरी आहे ना? द्या इकडे. गाठीच्या पुढे दोर कापतो. शीडही सुटेल आणि गाठही शाबूत राहील."

साळूबाईने बोचक्यावर हात ठेवला. "ही सुरी नाळेची आहे. तुझ्या नातवंडाच्या नाळेची. ती मी तुझ्या काथ्याला लावू देणार नाही."

"मावशी, सतरा वर्षं झाली हो..."

"रायाजी, तिकडे बघ."

बेटावर तिसरा धूर उठला होता.

साळूबाईचा आवाज एरवी खाडीपलीकडे जाई. आता ती हळू बोलली. "मी आयुष्यभर एकच काम केलं. नऊ महिने ज्या नाळेने लेकराला जगवलं, ती वेळ झाली की कापायची. ती चांगली नव्हती म्हणून नाही. तिचं काम झालं म्हणून. तुझ्या गाठीचं काम काय होतं, तुला तरी आठवतं का रे? तुझी लेक तिथे हाका मारतेय. गाठ तू मारलीस, तूच सोड."

रायाजीने पाण्यात उडी घेतली.

तो खुंटीपाशी पोचला. गाठ भिजून फुगली होती, ताणून दगड झाली होती. त्याने बोटांनी ओढली, हलेना. नखं मोडली. मग त्याने डोळे मिटले आणि सतरा वर्षं ज्या गाठीला कोणाला हात लावू दिला नव्हता, तिला दात लावले. ओढत राहिला, चावत राहिला. शेंदूर फुटला, तोंडभर झाला. आणि एकदम दोर सुटला.

शीड सैल झालं. त्यातलं पाणी भळाभळा वाहून गेलं.

साळूबाई वरून ओरडली, "थुंक तो शेंदूर! पोटात गेला तर आवाज जाईल, नातवंडाला हाक कशी मारशील?"

रायाजी थुंकत थुंकत तिच्याजवळ आला. दोघं पुन्हा रेलली. या वेळी डोलकाठी वर येऊ लागली ती थांबलीच नाही. शिडाखाली वारा शिरला आणि त्यानेही खांदा लावला. म्हणजे पाहा, ज्या वाऱ्याने पाडलं तोच आता उठवत होता.

"आता खालची होडी धर! लटक तिला!" साळूबाई ओरडली. "नाहीतर उत्साहाने पलीकडे जाऊन झोपेल!"

दोघं लटकली. आभाळातली होडी खाली आली, पाण्यावर आपटली, मोठा फवारा उडाला, आणि जोडहोडी सरळ उभी राहिली. शीड सैल फडफडत होतं, त्यामुळे ती त्यांना टाकून पळालीही नाही. रायाजी मागच्या बाजूने चढला. साळूबाईला चढवताना मात्र त्याला तीनदा देवाचं नाव घ्यावं लागलं.

"माझं वजन कामाला आलं की नाही?" साळूबाईने लुगडं पिळत विचारलं.

"आलं, मावशी. आणि आता माझ्या कमरेवरही आलं."

रायाजीने दोर ओढला. सवयीने त्याचा हात खुंटीकडे गेला, पण वेढा एकच देऊन थांबला. टोक त्याने मुठीत धरलं. थोड्याच वेळात दुसरा काळा डाग आला. झोत शिडात शिरताच दोरातून त्याच्या मुठीत आला, गळाला मासा लागावा तसा. रायाजीने वीतभर दोर सोडला. होडी जराशी वाकली आणि सरळ झाली. झोत गेला, त्याने दोर ओढून घेतला.

चौथ्या झोताला तो हसायला लागला. सतरा वर्षं तो ज्याच्याशी कुस्ती करत होता, त्याच्याशी आज पहिल्यांदा बोलणं होत होतं.

बेटावर त्याची बायको पुळणीवर उभी होती. साळूबाई उतरून घराकडे धावली. रायाजीच्या बायकोने नवऱ्याचे लालभडक ओठ पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अहो, काही लाजलज्जा? लेक तिकडे कळा देतेय आणि तुम्ही पान खाऊन आलात!"

रायाजी ओठ पुसत घराकडे गेला. तो दाराबाहेर बसून राहिला. आत सगुणाचा आवाज येत होता, मग साळूबाईचा येत होता. मग दोन्ही थांबले. त्या थांबण्याएवढा लांब वेळ रायाजीने कधी समुद्रावरही पाहिला नव्हता. मग एक तिसराच आवाज आला, नवा, चिडलेला, पातळ. साळूबाई दारात येऊन म्हणाली, "नात झाली. थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं ते मी सांगणार नाही, तूही विचारू नकोस. आई बरी आहे, लेक बरी आहे, आणि मला कोणीतरी कोरडं लुगडं द्या."

दुसऱ्या दिवशी परत निघायच्या वेळी जावई हळूच सासऱ्याजवळ आला. त्याच्या हातात वाटी होती.

"मामा, देवळातला शेंदूर आहे. तेलात कालवलाय. गाठ मारा, वर लावतो. साळूमावशींना मी गप्प बसायला सांगतो."

रायाजीने वाटी हातात घेतली. शेंदूर तसाच होता, तोच रंग. पाटलांचं बोट आणि जावयाचं बोट यात कोणाला फरक कळणार होता? सतराची अठरा वर्षं झाली असती. आत सगुणाच्या कुशीत नात कुरकुरली. रायाजीने वाटी जावयाच्या हातात परत दिली.

"नको. आणि साळूमावशींना गप्प बसवणं तुला जमणार नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी सारा गाव किनाऱ्यावर जमला होता. पाटील काठी टेकत पाण्यापर्यंत आले. रायाजीची होडी वाळूला लागली. खुंटीवर गाठ नव्हती. दोर रायाजीच्या हातात होता.

पाटलांनी खुंटीकडे पाहिलं, मग रायाजीकडे. "रायाजी, गाठ कुठे आहे?"

"सोडली, पाटीलबाबा. होडी झोपली होती. गाठ सोडली म्हणून उठली. गाठ सोडली म्हणून मला नात पाहायला मिळाली."

कोणीतरी गर्दीतून म्हणालं, "कोरडा तांडेल भिजला रे!" लोक हसले. रायाजीचे कान लाल झाले. पण तो पळाला नाही, आपली होडी त्याने रांगेत सर्वांत मागे नेऊन लावली, धाकूच्या होडीच्या शेजारी.

पाटील म्हातारे होते, पण आंधळे नव्हते. ते साळूबाईला बाजूला घेऊन बराच वेळ ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे आजवर ज्या होड्या आपण समुद्रात सोडून आलो, त्या सगळ्या उठल्या असत्या?" आणि काठी टेकत ते पुन्हा पाण्याच्या कडेपर्यंत गेले.

त्या आठवड्यात रायाजी रोज खाडीवर गेला. धाकूने त्याला होडी झोपवायला शिकवली आणि उठवायला शिकवली. पहिल्या दिवशी काठावर बघायला फक्त धाकूची बायको होती. तिसऱ्या दिवशी चार तांडेल आले, म्हणाले, गंमत बघायला आलोय. पाचव्या दिवशी ते चौघं पाण्यात होते आणि गंमत बघायला पाटील आले होते.

नवा हंगाम आला तेव्हा पाटलांनी शेंदराची वाटी आणलीच नाही. ते एकेका होडीशी थांबले, शिडाच्या दोराला एक हिसका दिला, आणि तेवढ्याने दोर सुटला त्यालाच पाण्यात जाऊ दिलं. त्या वर्षी गावाच्या सहा होड्या झोपल्या. सहाही घरी आल्या. आणि वाऱ्याच्या दिवशी कोणाचं पोट दुखलं असं ऐकिवात आलं नाही.

एका दुपारी रायाजी आणि धाकू कुंपणाच्या दोन बाजूंना बसून जाळी विणत होते. रायाजी म्हणाला, "धाकू, मी इतकी वर्षं तुला हसलो. तुला सगळं ठाऊक होतं. मग आधीच का नाही सांगितलंस?"

धाकूने जाळ्यातलं एक घर पुरं केलं. मग तो म्हणाला, "सांगून पाहिलं होतं, दादा. पण तुमच्या मुठीत सतरा वर्षं होती, माझा शब्द त्यात कुठे मावणार? आता मूठ मोकळी आहे म्हणून सांगतो. माणसाने हवं ते धरावं, हवं तितकं घट्ट धरावं, पण वेळ आली की आपल्याच हाताने सोडता येईल असंच धरावं."